टेपबंद खुराडं

थंडीनं कोंबडी सहसा मरत नाही, हे मला कुणी वेळेवर सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं. पिसांच्या आत ती चांगली ऊबदार असते. तिला मारते ती ओल आणि कोंडलेली हवा. हे शहाणपण मला आलं ते अंगणात खड्डा खणून झाल्यावर.

तेव्हा आम्ही रियाधच्या कडेला, अल सुलैमध्ये राहायचो. आमचे हे एका गोदामात स्टोअरकीपर होते आणि गोदामाच्या मागे, कंपाउंडच्या आत, आम्हाला दोन खोल्या दिलेल्या होत्या. मी, हे आणि आठ वर्षांची लेक. आजूबाजूला नुसती गोदामं, ट्रक आणि धूळ. समुद्राकाठी वाढलेल्या बाईला तिथं श्वास घ्यायलाही कंटाळा यायचा.

शेजारच्या यार्डात एक येमेनी राखणदार होता. इराकनं कुवेत घेतलं, येमेननं सौदीची बाजू घेतली नाही आणि येमेनी लोकांचे दिवस फिरले. रातोरात इकाम्याचे, म्हणजे तिथं राहायच्या परवान्याचे, नियम बदलले आणि वर्षानुवर्षं तिथं राबलेली माणसं गाठोडी बांधून निघाली. हाही निघाला. जाताना त्यानं आपल्या दहा-बारा कोंबड्या आणि एक कोंबडा आमच्या दारात आणून सोडला. विकल्या नाहीत. "हे सगळं खलास झालं की येतो. तोवर तुझ्याकडे अमाना," असं तो यांना म्हणाला. यांनी छातीवर हात ठेवला आणि हो म्हटलं.

अमानत म्हणजे काय ते आमच्याकडे पोरासोरालाही कळतं. दुसऱ्यानं विश्वासानं ठेवायला दिलेली वस्तू. स्वतःची मोडली तर मोडली, पण तिला ओरखडा येता कामा नये. हे तर याबाबतीत अतीच होते. शेजारणीची सुई घरी राहिली तरी मला झोपू देत नसत. मी चिडवायचे, "तुमच्याकडं कोनी डोकं ठेवायला दिलं तर ते पन तेल लावून परत कराल." ते हसायचे. तेव्हा हसायचे.

कोंबड्या आल्या आणि या माणसाला जणू काम मिळालं. त्याआधी यांची पार रया गेली होती. गोदामात माल येणं बंद झालेलं. कफील, म्हणजे यांना कामावर आणणारा अरब मालक, बायकापोरांना घेऊन मक्केला जाऊन बसलेला आणि आमचे पासपोर्ट त्याच्या तिजोरीत. ओळखीची कोकणातली कुटुंबं एकेक करून गावी गेली, आम्ही अडकून पडलो. त्यात मला दिवस गेलेले. हे तासन् तास भिंतीकडे बघत बसत. मी बातम्या लावल्या की उठून रेडिओ बंद करत. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, पण त्यांना कोण सांगणार! मला लढाईपेक्षा त्यांची भीती वाटायची. आमचा सगळा डोलारा त्या एका माणसावर उभा होता आणि तो माणूसच आतून ढासळत होता.

तर कोंबड्या आल्यावर हे सकाळी उठायला लागले. खोक्यांच्या फळ्या ठोकून त्यांनी खुराडं बांधलं. खाली लाकडाचा भुसा पसरला, बसायला आडवी काठी लावली, उत्तरेच्या वाऱ्याला गोणपाट टांगलं. लेकीला हाताशी धरून पाणी, दाणे. पहिलं अंडं मिळालं तेव्हा माझ्यापुढे धरून म्हणाले, "हे पन त्याचंच गो. आला की सांगू, खाल्लंव म्हनून." त्या दिवशी मी मनात पक्कं धरलं, की या कोंबड्या जगल्या तर माझा माणूस जगेल. मी त्यांच्यासाठी दुवा मागायचे. कोंबड्यांसाठी दुवा! माझी आई ऐकती तर पदराआड हसली असती.

मग ती थंडी आली. वाळवंटातली थंडी कोरडी, हाडात घुसणारी. सकाळी कोंबड्यांच्या पाण्यावर बर्फाची साय धरलेली असायची. कोकणातल्या माणसाला थंडी म्हणजे काय ठाऊक? आम्हाला पाऊस ठाऊक. पाऊस यायच्या आधी घराच्या वाऱ्याच्या बाजूला माडाच्या झावळ्यांची झापं बांधायची, फट दिसली की बुजवायची, एवढंच आम्ही बापजाद्यांकडून शिकलो. यांचे वडील त्यात पटाईत होते. सगळी वाडी त्यांना झापं बांधायला बोलवायची. बापाचे हात लेकाला आले होते. फट दिसली की हे अस्वस्थ व्हायचे.

आणि त्यातच लढाई लागली. सायरन वाजायचे, आकाशात धडाम व्हायचं, खिडक्या थरथरायच्या. विषारी वायू सोडतील म्हणून जो तो खोली प्लास्टिकनं आणि टेपनं बंद करत होता. आमच्याकडे गोदामात दोन्हींचे ढीग पडलेले. यांनी आमची झोपायची खोली अशी बंद केली, की मुंगी आत यायची नाही. दाराखाली ओला टॉवेल. खोलीचं झालं आणि उरलेला टेप घेऊन हे खुराड्याकडे वळले.

"अवो, कोंबड्यांना कोन वायू सोडतोय?" मी म्हटलं.

"वायू नाय तर थंडी हाय. त्यांना पन जीव हाय."

गोणपाट काढून त्यांनी चारी बाजूंनी प्लास्टिक लावलं, सांध्यासांध्याला टेप. माणसानं नमुना म्हणून बघायला यावं इतकं सुबक काम. सकाळी प्लास्टिकच्या आतून पाण्याचे थेंब ओघळत होते. कोंबड्यांचा श्वास आणि शिटेचा दमटपणा, जाणार कुठं? भुसा ओला झाला. दार उघडलं की डोळ्यांत पाणी येईल असा उग्र दर्प. दोन-तीन दिवसांत कोंबड्याच्या तुऱ्याची टोकं काळी पडली. दोन कोंबड्या मान आत घालून घुरघुरायला लागल्या.

यांनी ते बघितलं आणि म्हणाले, "अजून कुठनं तरी गार वारा येतोय."

आणि आणखी टेप लावला.

माझं डोकं फिरलं. "माझ्या आईच्या कोंबड्या डालग्याखाली झोपायच्या. डालग्याला नुसती भोकंच असतात. मेल्या त्या? उघडा की जरा!"

"तुझ्या आईकडं पान्याचा बर्फ व्हायचा काय?" ते शांतपणे म्हणाले. त्यांचंही खरं होतं. आणि कोंबड्या आजारी पडत चालल्या तसा त्यांचा हात जास्तच चालायला लागला. एक मेली. तिला पुरून आले आणि तडक टेपचं नवं रीळ घेऊन बसले. बाहेर धमाके, आत हा माणूस दातानं टेप तोडतोय. मला ओरडावंसं वाटायचं, पण ओरडून तो माणूस मोडला तर?

मग फारच कडक थंडी पडली त्या दिवशी त्यांनी गोदामातनं शेगडी काढली. लोखंडी, कोळशाची, चहावाले वापरतात तसली. एकच होती. संध्याकाळी अंगणात कोळसे चांगले लाल होऊ दिले, धूर जाऊ दिला. मला वाटलं, आमच्यासाठीच. लेक दोन गोधड्यांत कुडकुडत होती.

"इकडं खोलीत ठेवा ती," मी म्हटलं. "पोरगी बघा कशी झालीय."

ते थांबले. शेगडी हातात, एकदा खोलीकडे बघितलं, एकदा खुराड्याकडे. "आपन एकमेकांना चिकटून झोपू. त्या कोंबड्या त्याच्या हायत गो."

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. पोटच्या पोरीपेक्षा परक्याच्या कोंबड्या प्याऱ्या, इथपासून सुरुवात होती. त्यांनी ऐकून घेतलं, शेगडी खुराड्यात मधोमध ठेवली, भोवती विटा लावल्या, दार बंद केलं आणि दाराच्या फटीवरही टेप फिरवला.

सकाळी कोंबडा आरवला नाही. लेक पाव कुस्करून घेऊन आधी बाहेर गेली. तिच्या हाका ऐकून मी धावले. दाराचा टेप तिनं ओढून काढला होता.

"अम्मी, ये उठ क्यूँ नहीं रहे?"

सगळ्या काठीखाली पडलेल्या. कुठं रक्त नाही, झटापट नाही. शेगडीत राख. खुराडं अजून कोमट होतं. मी लेकीचा हात धरून तिला मागे ओढलं. हे माझ्यामागे येऊन उभे होते. एक कोंबडी त्यांनी उचलली, पिसांत बोटं घातली, परत खाली ठेवली. मला वाटलं, आता रडतील. पण ते कोंबड्यांकडे बघतच नव्हते. ते आमच्या खोलीच्या खिडकीकडे बघत होते. टेपनं बंद केलेल्या.

मला कळायला वेळ लागला. त्यांना आधी कळलं. शेगडी मी म्हणत होते तिथं ठेवली असती, तर सकाळी आमच्या दाराचा टेप ओढायला कुणी उरलं नसतं.

ते आत गेले आणि खिडकीचं प्लास्टिक ओरबाडून काढायला लागले. नखं तुटली. "अवो, वायू आला तर?" मी म्हटलं. ऐकूच गेलं नाही. दार सताड उघडं टाकलं आणि उंबऱ्यावर खाली बसले. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "आपन वाचलो ना. अल्लानं वाचवलं." खरंच मला तसं वाटत होतं. मला त्या क्षणी कोंबड्यांचं काडीचंही दुःख नव्हतं.

"मी नाय वाचवलं," ते म्हणाले.

लढाई संपली. लोक परतले, गोदामात माल आला, कफील आला. हे कामावर जात, पगार आणून देत, विचारलं तेवढं बोलत. फाटकाशी कुणी येमेनी बोलीत बोललं की त्यांचा चेहरा पांढरा पडायचा. तो मात्र कधी आला नाही. यायला हवा होता. दोन शिव्या हासडून, अल्लाची मर्जी म्हणून त्यानं यांच्या पाठीवर थाप मारली असती, तर एवढं एक ओझं तरी उतरलं असतं. माफी मागायला माणूसच नसेल तर माफी मागायची कुणाकडे? मी हजारदा म्हटलं, जाऊ दे. माझ्या म्हणण्यानं काय होणार? ठेव माझी नव्हती.

उन्हाळ्यात मुलगा झाला, रियाधच्या इस्पितळात. आमच्यात बाळाच्या कानात अजान द्यायची ती बहुधा बापानं. हे आले, खाटेपासून हातभर लांब उभे राहिले. मी बाळ पुढे केलं. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"दुसऱ्या कोनाला तरी सांग."

"दुसरा कोन? बाप तुमी."

"माझ्याकडं नको ठेवू गो त्याला," ते म्हणाले. "माझ्याकडं काय ठेवू नको."

शेवटी पलीकडच्या खाटेवरच्या हैदराबादी बाईच्या म्हाताऱ्या सासऱ्यानं माझ्या मुलाच्या कानात अजान दिली. हे बाहेर बोळात भिंतीकडे तोंड करून उभे होते. मुलगा आता त्यांच्यापेक्षा उंच आहे. बापानं त्याला कधी कडेवर घेतल्याचं मला आठवत नाही.