मामाची मागची ओळ

माझ्या मामाबद्दल कुणी वाकडं बोललेलं मी ऐकून घेत नाही. पण त्या वर्षी मामा चुकला होता, हेही खरं.

त्याला सगळे मास्तर म्हणतात. शाळेत कधी शिकवलं नाही त्यानं, पण कुणाच्याही बागेत शिरून शिकवत सुटतो. नऊ डाळिंबवाल्यांचा गट त्यानंच जमवला. दर मंगळवारी एकेकाच्या बागेत जमायचं, झाडं बघायची, एकमेकांच्या चुका काढायच्या, चहा प्यायचा.

त्या वर्षी विरळणी करायची ठरली. फळं सुपारीएवढी झाली की झुबक्यातलं एकच ठेवायचं, बाकीची कापायची. चिकटलेल्या फळांमध्ये अळी घर करते आणि धड एकही मोठं होत नाही.

सगळ्यांनी माना डोलावल्या. कात्री कुणीच उचलली नाही. मग मामा दारोदार फिरला. शेजारचा तात्या तर झाडाला पाठ लावून उभा राहिला.

"मास्तर, लेकरं आहेत ही माझी!"

"मग एका खाटेवर किती झोपवशील?"

असं करत करत आठ बागा उरकल्या. राहिली मामाची, ती त्यानं स्वतःच उरकली म्हणे. मंगळवारी सगळे बघायला येणार होते.

सोमवारी मी पाण्याची नळी बघायला विहिरीमागं गेले, तर मागची बारा झाडं झुबक्यांनी वाकलेली. एकाही फळाला कात्री लागलेली नाही.

"मामा, हे काय?"

"तीन वर्षांनी पहिल्यांदा धरलीत गं. हात उचलेना. राहू दे, तिकडं कोण जातंय?"

"तात्या जाईल. मग गट मोडेल, आणि मोडायलाच पाहिजे."

"तू कुणाच्या बाजूची?"

"तुझ्या. म्हणून तर तोंडावर बोलतेय."

तो तरातरा निघून गेला.

मंगळवारी पुढच्या ओळी बघून सगळे चहाकडे वळले, तसा मामा म्हणाला, "थांबा. मागं चला."

सगळे विहिरीमागं गेले. तात्यानं एक झुबका मोजला. "पाच! मास्तर, तुमची खाट बरीच रुंद आहे."

सगळे हसले. मामानं कात्री तात्यापुढं धरली. "माझ्याच्यानं होत नाही. तू कर. मी बघणार नाही."

आणि पाठ करून बांधावर बसला. प्रत्येक कचकन् आवाजाला त्याचे खांदे उडायचे. तरी मध्येच ओरडला, "आतलं ठेव रे, बाहेरचं उन्हानं करपतं!"

"पाठीला डोळे आहेत का, मास्तर?"

बारा झाडं झाली. मग एक जण पुटपुटला, "माझ्याही कुंपणाकडच्या दोन ओळी राहिल्यात." दुसरा म्हणाला, "माझ्या तीन." तिसऱ्यानं नुसतीच मान खाली घातली. पुढं कात्री, मागं झुबके. नऊ बागांची एकच गत!

तिथंच ठरलं. आपल्या झाडाला आपण कात्री लावायची नाही, शेजाऱ्यानं लावायची. आजही आमच्याकडं तसंच चालतं.

दुपारी अख्खा गट तात्याच्या मागच्या ओळीत होता. कात्री मामाच्या हातात. तात्या घरात दार लावून बसला होता.