बहाद्दर आत का गेला

धुलाई कारखान्यात एकेकाळी अशी कुजबुज होती, की बहाद्दराने बॉयलरची झडप आपल्याच हाताने तारेने बांधून ठेवली, वाफ कोंडू दिली, आणि बाकीचे जीव मुठीत धरून पळाल्यावर आत जाऊन ती तार गुपचूप सोडवली. म्हणजे आग लावायची आपणच आणि बंबही आपणच बोलवायचा. ही कुजबुज पहिल्यांदा कुणाच्या तोंडून निघाली ते मला पक्कं ठाऊक आहे. पण ती बाई अजून हयात आहे आणि माझे सदरे तिच्याच इस्त्रीखालून जातात, तेव्हा ते राहू द्या.

कारखान्यात दवाखान्यांच्या चादरी आणि हॉटेलांचे नॅपकिन धुवायला येत. तळघरात बॉयलर, वर इस्त्रीची लांबलचक खोली. आपला माणूस खाली बॉयलर सांभाळायचा, त्याची बायको वर इस्त्री करायची, आणि तिचा धाकटा भाऊ दाजींच्या हाताखाली राख उपसायचा. असं सगळं घरच कामाला होतं. त्या वेळी याला बहाद्दर म्हणायचं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. अंगाने काडी, आवाज बेताचा, आणि घरात झुरळ निघालं की आधी खुर्ची गाठणारा. हे त्याच्या बायकोनेच सांगितलेलं, त्यामुळे खात्रीचं.

एका दुपारी तळघरात मोठी शिट्टी वाजल्यासारखा आवाज झाला आणि जिन्यातून पांढरी वाफ वर आली. सगळे अंगणात धावले. हाही धावला. मग मागे वळून त्याने बादलीतली ओली चादर डोक्यावर घेतली आणि कुणाला काही न सांगता परत खाली उतरला. बऱ्याच वेळाने आवाज थांबला आणि हा वर आला तो दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेले घेऊन. मालकीणबाई भर अंगणात म्हणाल्या, "बहाद्दर आहेस." तेवढ्यावर बारसं झालं.

कौतुक दोन दिवस टिकलं. मग मुकादमाने पान लावता लावता सहज एक खडा टाकला. वाफ बंद करायची चावी बाहेरही आहे, फाटकाजवळ. ज्याचं आयुष्य बॉयलरपाशी गेलं त्याला हे माहीत नसेल होय? मग मरायला आत कशाला गेला? आत असं काय राहिलं होतं?

झालं. इस्त्रीच्या खोलीत चादरींपेक्षा तर्कांच्या घड्या जास्त पडू लागल्या. तार हवी म्हणून तार जन्माला आली. ती त्याच्या खिशात पाहिलेलीसुद्धा दोघीतिघी निघाल्या.

हिशेबनिसांना शब्दांचा नाद. त्यांनी चहाच्या वेळेला बहाद्दर या शब्दाची कुंडली मांडली. मूळ गवताळ रानांतल्या घोडेस्वार टोळ्यांचं, तुर्क आणि मंगोल लोकांचं. तिथून तो फारसीत येऊन बहादुर झाला, आणि आपल्या जिभेने त्याला आणखी एक द देऊन धष्टपुष्ट केलं. त्याच्याही मागे काय होतं, यावर पंडितांचं जमत नाही. पण पुढे दरबारांतून तो किताब म्हणून वाटला जाऊ लागला, नावाला शेपटासारखा. "किताबाचं एक असतं," हिशेबनीस बशी खाली ठेवत म्हणाले, "मिळाला की पहिला प्रश्न, कशाबद्दल मिळाला? आणि याला ते सांगता येत नाहीये."

खरंच सांगता येत नव्हतं. मालकीणबाईंनी त्याला खोलीत बोलावून विचारलं, तर म्हणाला, जावंसं वाटलं. बाईंनी सरळ बजावलं, की शनिवारपर्यंत धड कारण सांग, नाहीतर झडपेशी खेळणारा माणूस मला बॉयलरपाशी नको.

घरी तरी काय? बायकोने पट्ट्या बदलताना विचारलं, तर हा म्हणाला, पट्टी जरा सैल बांध. तो झोपल्यावर तिने त्याचे खिसे चाचपले. नवऱ्याच्या खिशात बायकोने तार शोधावी, इथवर मजल गेली. तार नव्हती. पण संशय खिशात मावतो थोडाच?

तिचा संशय वळला तो मलमामुळे. ज्या भावाने जन्मात स्वतःचा पेला उचलून ठेवला नव्हता, तो रोज मलम घेऊन यायला लागला. दाजींना पाणी देऊ का, उशी देऊ का. तिने त्याला मोरीपाशी गाठला. "एवढी माया तुला आईची आली नाही. काय केलंस ते बोल."

तो बोलला. बॉयलरच्या मागे राखेचा खड्डा आहे. त्यात उतरणाऱ्याने आपली टोपी वरच्या खुंटीवर अडकवायची, आणि टोपी दिसते तोवर आत माणूस आहे असं धरायचं, अशी तळघरातली रीत. त्या दुपारी या पठ्ठ्याने टोपी अडकवली आणि मालाच्या गाडीत चादरींवर ताणून दिली. टोपी पाहणाऱ्याला वाटावं, गडी खड्ड्यात राबतोय. कामावर झोपल्याबद्दल त्याला आधीच शेवटची ताकीद मिळालेली. म्हणून दाजींनी त्याला सांगितलं होतं, तू गप्प राहा, मीही गप्प राहतो.

आता एका हाताला नवरा, दुसऱ्या हाताला भाऊ, आणि उद्या शनिवार. तिने रात्रभर काय विचार केला ते तिने मला सांगितलं नाही, आणि मी दोनदा विचारून पाहिलं. सकाळी ती भावाला बाहीला धरून बाईंच्या खोलीत घेऊन गेली. नवरा तिथे आधीच उभा होता. मेहुण्याने टोपीचं सांगितलं. नवरा बायकोवर चिडला, म्हणाला, "तुला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला?"

बाईंनी त्याला एवढंच विचारलं, की बाहेरची चावी का नाही फिरवली.

"ती फिरवली तरी आत भरलेली वाफ आतच राहते, बाई. आत माणूस असेल तर त्याला काय उपयोग?"

मेहुण्याला बाईंनी काढलं नाही. वर चादरींच्या घड्या घालायला बसवलं, बहिणीच्या शेजारी. त्यापेक्षा काढलं असतं तर बरं, असं तो आजही म्हणतो. तारेच्या साक्षीदार मात्र एकेक करून विसरभोळ्या झाल्या.

खरं ते असं. तार कुणीच बांधली नव्हती, जुन्या नळीचा जोड सुटला होता. खुंटीवर टोपी दिसली, म्हणून मेहुणा खड्ड्यात आहे असं समजून बहाद्दर आत गेला. खड्डा रिकामा होता, तेव्हा त्याने आतली चावी बंद केली आणि वर आला.