लेकीच्या बॅटला लावलेलं रबर

सेलूला आमच्या ऑफिसच्या मागं एक लांबट खोली आहे. तिथं टेबल टेनिसचं टेबल आहे आणि काम संपलं की आम्ही पाच-सहा जण तासभर खेळतो. बायकांत मी एकटीच. कापसाच्या हंगामात जवळच्या जिनिंग कारखान्यातली रुई खिडकीतून आत येते आणि बॅटच्या गुळगुळीत रबराला चिकटते. त्यामुळं बाकीचे दर दोन पॉइंटांनी बॅट पुसत बसतात. मला तेवढं पुसावं लागत नाही, कारण माझ्या बॅटची एक बाजू दाण्यांची आहे.

स्कूटीवरून पडून माझा खांदा आखडला, तेव्हा एका निवृत्त साहेबांनी मला लांब दाण्यांचं रबर लावायला सांगितलं. या रबरावर मऊ, बारीक दाणे उभे असतात. समोरच्यानं चेंडूला दिलेला स्पिन त्याच्यावरच उलटतो. त्यानं जोरात घासून मारावं, आपण नुसती बॅट धरावी, आणि पुढचा चेंडू त्यानं स्वतःच जाळीत घालावा. महिनाभरात मी ऑफिसातल्या सगळ्यांना हरवायला लागले. आमचे शिपाईमामा एकदा बॅट टेबलावर ठेवत म्हणाले, "मॅडम, तुमी कुठं खेळायलाव? आमालाच आमच्यासंगं खेळायला लावलंय तुमी." सगळे हसले. मीही हसले.

मुलगी दहा वर्षांची असताना माझ्याबरोबर यायला लागली. तिचा फोरहँड छान होता. चेंडू टप्पा घेऊन वर यायची ती वाट बघायची आणि मग सगळं अंग वळवून मारायची. परभणीला झालेल्या तिच्या पहिल्या जिल्हा स्पर्धेत मात्र ती पहिल्याच फेरीत हरली. तिला हरवणारी मुलगी तिच्याच वयाची होती, परभणीचीच, वडील तिला शिकवायचे. परतीच्या पॅसेंजरमध्ये माझी मुलगी मजेत शेंगा खात होती. वाईट मला वाटलं होतं, तिला नाही. हे मला तेव्हा कळलं असतं तर बरं झालं असतं.

त्याच आठवड्यात मी तिच्या बॅटच्या बॅकहँडच्या बाजूला दाण्यांचं रबर चिकटवलं. आपल्या जिल्ह्यात मुलींमध्ये असं कुणी खेळत नाही, हे मला ठाऊक होतं.

पुढच्या वर्षी ती फायनलला गेली. समोर तीच परभणीची मुलगी. ती सुंदर खेळत होती, पण तिनं घासून मारलेला प्रत्येक टॉपस्पिन आमच्याकडून उलटा होऊन जात होता आणि पुढचा चेंडू जाळीत पडत होता. ती आपली बॅट उलटून बघायची, फ्रॉकला पुसायची, परत मारायची. तिसऱ्या गेममध्ये तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी ती मारतच राहिली. आम्ही जिंकलो. मी "आम्ही" असंच म्हणायचे.

तिच्या वडिलांनी आमची बॅट हातात घेऊन पाहिली आणि परत दिली. "ताई, नियमात बसतंय, तक्रार न्हाई," ते म्हणाले. "पण लेकराला आधी मारू द्या हो. हे नंतर लावता येतं."

पोरगी हरली म्हणून पोटात दुखायलंय, असं मी मनात म्हटलं आणि घरी आल्यावर नवऱ्यालाही तसंच सांगितलं.

दोन वर्षं आम्ही जिल्ह्यात जिंकलो. कपाटावर दोन ढाली आल्या. सरावाला मी तिला फोरहँड मारूच द्यायची नाही. "बॅट धर फक्त, ती चुकंल," असं सांगायची. एकदा भाकरी खाता खाता तिनं विचारलं, "आई, समोरची चुकते म्हणूनच मी जिंकते ना?"

"जिंकणं ते जिंकणं," मी म्हणाले.

मग संभाजीनगरला विभागीय स्पर्धा झाली. तिथल्या मुलीनं सर्व्हिस करण्याआधी आमची बॅट मागून घेतली, दाण्यांवरून बोट फिरवलं आणि शांतपणे परत दिली. तिला सगळं माहीत होतं. तिनं स्पिन दिलाच नाही. सरळ, संथ, मेलेले चेंडू टाकत राहिली. दाण्यांना उलटवायला काही उरलंच नाही. आमचा चेंडू हळूच वर उठायचा आणि ती तो मारून टाकायची. अकरा-दोन, अकरा-तीन. तिसऱ्या गेमला माझ्या मुलीनं फोरहँड मारायचा प्रयत्न केला. चेंडू टेबलाबाहेर गेला. पुढचाही. त्याच्या पुढचाही.

ती खुर्चीपाशी आली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "आई, मला मारताच येत न्हाई आता."

तेव्हा तिला जवळ घ्यायचं सोडून मी म्हणाले, "तुला कुणी सांगितलं होतं मारायला?"

गाडीत तिनं शेंगा घेतल्या नाहीत. परतूर स्टेशन गेल्यावर म्हणाली, "मला साधं रबर पाहिजे." मी म्हटलं, जिल्हा स्पर्धा दोन महिन्यांवर आलीय, ती होऊ दे. चार दिवसांनी बघते तर बॅटवरचं दाण्यांचं रबर तिनं नखांनी खरवडून काढलेलं. लाकडाची सालपटं निघाली होती. मी एक शब्द न बोलता दुसरं रबर आणून चिकटवलं. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते. ओरडले असते तर ती निदान भांडली तरी असती.

जिल्हा स्पर्धेत ती त्याच परभणीच्या मुलीशी सेमीफायनल खेळली आणि सबंध मॅचमध्ये तिनं दाण्यांच्या बाजूला एकही चेंडू लागू दिला नाही. डाव्या कोपऱ्यातला चेंडूसुद्धा पळत जाऊन फोरहँडनं मारत होती. निम्मे बाहेर जात होते. ती सरळ तीन गेममध्ये हरली. नंतर दोघी पायरीवर बसून एका पुडीतला चिवडा खात बोलत होत्या. मी लांब उभी होते. मला बोलावलं नाही.

त्यानंतर मी साधं रबर आणून दिलं. दीड वर्ष ती सगळ्यांकडून हरत होती, आधी ज्यांना सहज हरवायची त्या मुलींकडूनही. मग दहावी आली. आता ती लातूरला अकरावीला आहे. होस्टेलमध्ये टेबल आहे, तिथं खेळते म्हणते. जिल्ह्यात पुन्हा कधी जिंकली नाही.

या दिवाळीत ती आली तेव्हा ऑफिसच्या खोलीत आम्ही दोघीच खेळलो. मी माझ्या दाण्यांनी. तिनं मला संथ, साधे चेंडू टाकले आणि मिळेल तो उंच चेंडू मारला. सगळे लागले नाहीत. पहिला गेम मी घेतला, पुढचे तिनं.

चेंडू उचलताना मी विचारलं, "माझा राग येतो का गं, त्या रबरापायी?"

ती म्हणाली, "राग न्हाई. पण दोन वर्षं तू मला बघतच नव्हतीस, आई. समोरची कधी चुकते तेवढंच बघायली होतीस."

माफी मागावी असं वाटलं, पण कुठल्या एका गोष्टीची मागायची ते कळेना. ती घाम पुसून पाणी प्यायला बाहेर गेली. मी एक एक करून खिडक्या लावल्या.