रिळाचा आंबट वास

गल्लीच्या टोकाला चष्म्याचं दुकान आहे. चष्मेवाले दिवसभर लोकांच्या नाकावर काचा बसवतात आणि दुकान बंद झालं की मागच्या खोलीत जुनी, हाताने काढलेली कार्टूनची रिळं लावतात. भिंतीवर मांजर धावतं. प्रत्येक चित्र वेगळं काढलेलं, म्हणून त्याच्या मिशा सतत थरथरतात. ती थरथर त्यांना पोटच्या पोरीसारखी प्रिय.

या मांजराचं आणखी एक रीळ कुठेतरी आहे, असं त्यांनी ऐकलं होतं. त्यात एका चित्रावर काढणाऱ्याच्या अंगठ्याचा ठसा राहून गेलाय. क्षणभर दिसतो, बस. त्या ठशापायी त्यांनी भंगारवाले आणि बंद पडलेली थिएटरं पालथी घातली होती.

ते रीळ मिळालं साडूला. जुनं कपाट घेतलं, त्यात निघालं. संध्याकाळी तो ते घेऊन दुकानाच्या मागच्या खोलीत आला.

"साडूबुवा, हे तुमच्यातलंच काहीतरी दिसतंय. लावा बघू."

लावलं. ठसा आला आणि गेला. चष्मेवाल्यांचा जीव जळला. गाढवाला गुळाची चव काय, आणि ढेप नेमकी त्याच्याच दारात!

"मस्त आहे हो," साडू म्हणाला. "शोकेसमध्ये ठेवीन म्हणतो. फुलदाणीशेजारी."

फुलदाणीशेजारी! चष्मेवाल्यांनी रीळ नाकाशी नेलं. फिल्म कुजायला लागली की आंबट वास मारते, मग शेजारची रिळंही नासतात. याला तसला वास नव्हता.

"आंबलंय रे," ते म्हणाले. "घरात नको ठेवूस. इथेच राहू दे, मी बघतो."

साडू दचकला. "इथे? अहो, तुमची जन्माची पुंजी नासेल की!" त्याने रीळ पिशवीत कोंबलं.

"अरे, थांब जरा..."

"छे छे, साडू म्हणून एवढं तरी करू द्या!"

तो गेला. आतून बायको आली. "काय बोललात त्यांना? तुमचं तोंड तर एरंडेल प्यायल्यासारखं झालंय."

सकाळी दुकान न उघडताच ते साडूकडे गेले. पुन्हा एकदा वास घेऊन बघतो, असं म्हणायचं ठरवलं होतं.

"कालच जाळलं," साडू म्हणाला. "तुमच्या नाकावर आपला पूर्ण भरवसा."

चष्मेवाल्यांना आधी गार वाटलं. आता ते रीळ कुणाकडेच नव्हतं. मग ते पायरीवर बसले.

साडू त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "जाऊ द्या हो. तुमची बाकीची वाचली ना?"