ताप येण्याची वाट

पुतणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, अकोल्याला, भर उन्हाळ्यात, आणि इकडे अमरावतीत मला रोज संध्याकाळी हुडहुडी. नव्या व्याह्यांसमोर शाल पांघरून बसणं बरं दिसत नाही, म्हणून चौकातल्या मेडिकलवाल्याकडून जहाल गोळ्या घेतल्या. ताप पळाला. मी पंगतीत आग्रह करकरून वाढलं, वर व्याह्यांना ऐकवलं, ‘डॉक्टरकडे भित्रे जातात.’

घरी आलो, ताप परतला. दुसरी पट्टी फोडली. ती संपायच्या आतच बायकोनं ओढत डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छातीवर नळी ठेवली ती उचलेचनात. लहानपणी सांधे सुजायचे का? सुजायचे. हृदयाच्या झडपेला जंतू लागले असावेत, असा त्यांना संशय. सोनोग्राफीच्या पडद्यावर झडपेशी काहीतरी लोंबताना दिसलं. जंतूंचा पुंजका की लहानपणच्या त्या सांध्यांच्या तापानं झडपेवर ठेवलेला जुनाच व्रण, कळेना. रक्तात जंतू वाढतात का पाहिलं. काहीच वाढलं नाही. मी पेढ्यांची भाषा करू लागलो.

“आधी काही औषध घेतलं होतं?”

“नाही,” मी छातीठोकपणे. मेडिकलवरून आणलेलं आमच्याकडे औषधात धरत नाहीत.

“काहून जी,” बायको म्हणाली, “साक्षगंधाच्या गोया काय म्या गिळल्या?”

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. गोळ्यांनी जंतू दबले असतील, तर या कोऱ्या रिपोर्टला अर्थ नाही. जंतू असले तर कित्येक आठवडे शिरेतून औषध, कदाचित झडपच बदलायची. नसले तर एवढं सगळं उगाच. “तब्येत सध्या ठीक आहे. भरती व्हा, गोळ्या बंद. ताप आला की पुन्हा रक्त घेऊ.”

झालं! ज्याला पळवलं, त्याचीच वाट पाहणं आलं. या कुशीवर वळ, त्या कुशीवर वळ. बायको घटकेघटकेला कपाळ चाचपायची आणि हिरमुसायची. एका दुपारी अकोल्याहून व्याही भेटायला आले.

“ताप नाही म्हणता? चांगलं झालं ना मंग!”

“काय चांगलं?” बायको वैतागली. “येऊनच नाही राहिला!”

व्याही आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिले. तेवढ्यात माझ्या पाठीतून शिरशिरी गेली. दात वाजले. बायकोनं हात लावला.

“सिस्टर, आला वो, आला!” ती आनंदानं ओरडली आणि ओरडून झाल्यावर खाटेच्या कडेलाच टेकली. माझ्या कपाळावरचा हात मात्र तिनं काढला नाही.

सिस्टरनं दंडाला रबर आवळलं. उन्हासाठी डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा व्याही सोडत होते.

“द्या इकडे,” मी म्हटलं, “थंडी वाजून राहिली.”