वाळूच्या रंगाची बंदूक

सौदीत हुफूफजवळ खजुरीच्या मळ्यात माझा मुलगा पाण्याचे पंप सांभाळतो. नवरा गेल्यावर त्याने मला रत्नागिरीहून इथे आणलं. मळ्याचा मालक हा त्याचा कफील, म्हणजे व्हिसाचा जामीनदार. कफीलचा म्हातारा बाप संध्याकाळी आमच्या दाराशी येऊन बसतो. तो मला मानाने हज्जा म्हणतो, मी त्याला बाबा. माझं अरबी मोडकं आहे, पण दोघांनाही कमी ऐकू येतं, त्यामुळे अडत नाही.

म्हाताऱ्याला होल्यांच्या शिकारीचा नाद. मुलांनी त्याला नवी दुनळी बंदूक दिली, नळ्या आरशासारख्या. दोनदा वाळवंटात गेला, दोनदा रिकामा आला. पाखरं चमक बघून वळायची. मुलं म्हणाली, दोष नळीचा नाही, वयाचा. आता रिकामे आलात तर बंदूक आमच्या कुलपात. परवाना मोबाईलवर आलेला, मोसम संपत आलेला. बाजारात बंदुकीला गुंडाळायची पट्टी मिळते, पण महाग, आणि लाकडाला चिकटा धरेल म्हणून त्याला नको होती. रंग तर तो लावूच देईना. काढता-घालता येईल असा अभ्रा शिवून दे म्हणाला.

माझे वडील रानडुकरामागे जायचे. लपायचं म्हणजे हिरवं, एवढंच मला ठाऊक. जुनी हिरवी ओढणी कापली, वर तांबड्या मातीच्या रंगाचे तुकडे लावले. म्हाताऱ्याने बंदूक वाळूवर ठेवली आणि बराच वेळ बघत राहिला.

"हज्जा, हा पोपट कुणाचा?"

मुलगा म्हणाला, "अम्मा, कोकण अजून इथवर पोचलं नाही."

चूक माझीच होती. मग मी उंबऱ्यावर बसून वाळू बघायला लागले. ती एका रंगाची नसते. पहाटे दुधाळ चहासारखी, दुपारी हाडासारखी, उन्हं उतरली की भाजलेल्या रव्यासारखी. दूरचा उंट हवेतून निघतो आणि हवेतच विरतो. बघता बघता वाटायचं, समोर समुद्रच आहे, फक्त त्याचा आवाज कुणीतरी बंद केलाय. चुलीवरचं करपायचं.

तांदळाचं रिकामं गोणपाट घेतलं. कांद्याची सालं आणि चहाचा चोथा घालून उकळलं, पण तुकडे सारखे बुडवले नाहीत. कुठे गडद, कुठे फिकं राहू दिलं. कडा उसवून धागे लोंबते ठेवले, कारण वाळवंटात सरळ रेघ कुठेच नसते. दोन ठिकाणी जुन्या सलवारीचं इलॅस्टिक. घोडा, बिजागरी आणि नळ्यांची तोंडं मोकळी सोडली.

शिवण उसवली तर टाके घालायला म्हणून कफीलने बापाबरोबर मलाही गाडीत घेतलं. उजाडताना म्हातारा एका झुडपाशी बसला, बंदूक मांडीवर. मी गाडीतून बघत होते. क्षणभर नजर वळवली, परत बघते तर बंदूक नाही. मग म्हाताराही दिसेना. नुसती वाळू आणि धुकं, त्यात माझं गोणपाट कुठेतरी श्वास घेत होतं. होले आले, वळले नाहीत. बार झाला तेव्हा मला गाढ झोपेतून उठल्यासारखं वाटलं.

एकच पडला. कफील स्वतः जाऊन तो उचलून घेऊन आला, बापाच्या हातात दिला आणि म्हणाला, "खलास, बाबा." म्हणजे विषय संपला. कुलपाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

होला मलाच शिजवायला दिला. हाडंच जास्त. अभ्रा अधूनमधून धुवायला येतो. मी नुसत्या पाण्यात खंगाळते. साबणाने उजळेल.