पंख्याचा डबा

आमच्या भागात तान्ह्या मुलाच्या छातीत कफ भरला, पोट उडायला लागलं, की त्याला 'डबा झाला' म्हणत. माझं पहिलं मूल डब्यानं गेलं. तेव्हा नळदुर्गात निजामाचा अंमल होता आणि तिकडं जर्मनची लढाई चालू होती. सासूबाईंनी बिब्ब्याचे चटके दिले, दर्ग्यातून ताईत आणला, तुळजापूरच्या आईला नवस बोलल्या. मी कशालाच नको म्हटलं नाही. एरवी गावभर भांडायला माझी जीभ पुढं, पण तेव्हा ती कुठं गेली होती कोण जाणे.

मूल गेलं, पण दूध गेलं नाही. अंगाला उशिरा कळतं. गल्लीत कुणाचंही पोर रडलं की पान्हा फुटायचा, चोळी भिजायची आणि मी दार लावून कोपऱ्यात बसायचे. त्यात आमचा तो पंखा.

घराला लागूनच आमची पिठाची गिरणी होती, तेलाच्या इंजनावर चालणारी. आमच्या मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, पिठाची भुकटी सोसायची नाही, धाप लागायची. म्हणून त्यांनी सोलापुरातल्या एका बंद पडलेल्या कारखान्यातला जुना लोखंडी पंखा आणला, करोडगिरीच्या नाक्यावर जकातीसाठी दिवसभर ताटकळून. भिंतीला भोक पाडून तो बसवला आणि इंजनाच्या पट्ट्याला जोडला. भुकटी बाहेर जायला लागली, त्यांना श्वास घेता यायला लागला. पण त्याचा आस ज्यात फिरतो तो बुश झिजलेला होता आणि लढाईमुळं नवा मिळत नव्हता. वंगण घातलं की जरा वेळ गप बसायचा. मग आधी बारीक कुरकुर, मग टाहो, मग दम घेतल्यासारखा थांबून परत टाहो. भुकेलं तान्हं मूल रडतं, अगदी तसा. गिरणीत तो आवाज इंजनाच्या पुकपुकीत बुडून जायचा. बाहेर, आमच्या घराच्या अंगाला, तो एकटाच यायचा. मूल होतं तेव्हा मी हसून म्हणायचे, आमच्या घरात दोन रडके आहेत.

मूल गेल्यावर एक दिवस मला तो आवाज सहन झाला नाही. भिजल्या चोळीनिशी मी गिरणीत घुसले आणि दळणाला आलेल्या बायांपुढं ओरडले, "बंद करा त्याला!" मालकांनी खाली मान घालून पट्टा उतरवला. त्यानंतर ते पंख्यावाचून दळायला लागले. दिवस मावळताना घरी यायचे ते गुडघ्यांवर हात टेकून उंबऱ्यात बसायचे आणि धापा टाकायचे. पाणी प्यायलाही दम पुरायचा नाही. शेवटी मीच म्हणाले, "लावा तो पंखा. एक गेलं तेवढं पुरं हाय."

ते मग म्हणाले, "त्याला डबा करतो. आवाज आतच कोंडंल."

"तो शब्द काढू नका माझ्यापुढं!"

"बरं. पेटी म्हणू."

रॉकेलच्या डब्यांची लाकडी खोकी मोडून त्यांनी फळ्या काढल्या आणि बाहेरून पंख्यावर पेटी ठोकली, चहूबाजूंनी बंद. आवाज गेला खरा, पण वाराही कोंडला. सगळी भुकटी गिरणीतच फिरली आणि मालक बाहेर आले ते डोक्यापासून पायापर्यंत पांढरे, नुसते डोळे तेवढे काळे. मला हसू फुटलं. मूल गेल्यानंतरचं पहिलं हसू. मग इतकी लाज वाटली की दोन घासही गेले नाहीत.

पुढं ते जमिनीवर सांडलेल्या पिठात बोटानं रेघा ओढत बसायचे. वारा वळणं घेत निघून जातो, आवाज मात्र भिंतीवर आपटून मरतो, असं काहीसं त्यांच्या डोक्यात होतं. पेटीच्या आत त्यांनी एक फळी डावीकडून, एक उजवीकडून अशा ठोकल्या, म्हणजे वाऱ्याला नागमोडी वाट. प्रत्येक फळीला गोणपाटाखाली कापूस लावला. कापूस कुठला, तर स्वतःच्या गादीतला. तेव्हापासून ते घोंगडीवर निजायचे.

मी हे सगळं बघत होते आणि आतून जळत होते. मूल त्यांच्याच हातांनी पुरलं होतं, पण त्यांच्या डोळ्याला पाणी म्हणून आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी इंजन सुरू. ह्या माणसाच्या छातीत पिठाशिवाय काही नाही, असंच मला वाटायचं.

पेटी बसली आणि पंखा गप झाला. दळणाला आलेली एक बाई चेष्टेनं म्हणाली, "काय वो, पंख्याला डबा झाला व्हय? लई गप पडला की!" तिला बिचारीला माझं काही ठाऊक नव्हतं. मी हातातली पाटी तिथंच टाकून घरात आले.

आता सुटले असं वाटायला हवं होतं. पण कान सारखे भिंतीकडं लागायचे. भाकरी थापता थापता हात थांबायचे. ज्याला बंद करा म्हणून ओरडले, तोच आवाज मला हवा झाला होता. तो रडायचा तोवर मी कुणाची तरी आई होते.

एका दुपारी इंजन चालू असताना मी मागच्या बोळात गेले आणि पेटीला कान लावला. आत, लांबवर, कुणीतरी रडत होतं. मी तशीच बसून राहिले. मग दोन फळ्यांच्या फटीतून बाहेर आलेलं चिंधीचं टोक दिसलं. हिरवा खण आणि त्यावर पिवळ्या दोऱ्याचे टाके. टाके माझ्या आईचे. ती बाळाची वाकळ होती. मेलेल्या तान्ह्याचं पांघरूण घरात ठेवत नाहीत, म्हणून सासूबाईंनी ती बोरी नदीत सोडायला मालकांकडं दिली होती.

मी गिरणीत गेले ती चवताळूनच. "भोकं बुजवायला दुसरी चिंधी गावली न्हाय तुमाला? माझ्या लेकराचं पांघरूण घातलं तिथं?"

बाया आपापल्या पाट्या घेऊन बाहेर सरल्या. मालक पट्ट्याजवळ उभे होते.

"बोरीवर गेलो होतो," ते म्हणाले. "लई येळ बसलो. हातातून सुटंना. घरात ठिवू नको म्हणली आई. ही गिरणी हाय, घर न्हाय." मग त्यांचा आवाज फुटला. "पंखा रडायचा तवा मला बी त्योच ऐकू यायचा. म्हणून त्याचं त्याला पांघरलं."

पिठानं भरलेल्या तोंडावर पाण्याचे ओघळ आले. लग्नापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली आणि त्यांची माया आली. मी एवढंच म्हणाले, "उघडा ते. मला बघायचंय."

बोळात येऊन त्यांनी खिळे उपटून फळी काढली. वाकळ माझ्या हातात दिली. आतून पंख्याचा टाहो पहिल्यासारखा भरभरून बाहेर आला. मी सवयीनं दोन्ही हात छातीशी दाबून उभी राहिले, वाट बघत. तो रडत राहिला. माझी चोळी कोरडीच राहिली.

मूल कधी गेलं असं कुणी विचारलं, तर सासूबाईंनी धरलेली तिथी मी सांगते. माझ्या लेखी ते त्या दुपारी गेलं.

मी वाकळ झटकली, घडी घातली आणि माझ्या हातानं आत सारली. मालकांनी फळी लावली. घरात मूल निजलेलं असलं की माणूस जसे खिळे ठोकतो, तसे ते हळूहळू ठोकत होते.